नवव्या दिवसाचं नाव

एदेल्मिरा कूबासला अक्षरओळख नव्हती, पण अडतीस वर्षांत तिने एकाही मयताचे नाव चुकवले नव्हते. सान हेरोनिमोत कोणी गेले की घरात वेदी मांडायची, नऊ दिवस संध्याकाळी जपमाळ म्हणायची, आणि पुढे बसून ती म्हणवून घ्यायला एदेल्मिराला बोलवायचे. पहिले आठ दिवस 'आमची बहीण' किंवा 'आमचा भाऊ' एवढ्यावर भागते. नवव्या दिवशी मात्र पूर्ण नाव तीनदा घ्यायचे, तेही मोठ्याने. नाही घेतले तर आत्मा उंबरा ओलांडत नाही आणि वेदी उतरवता येत नाही.

या खेपेला वेदी तिबुर्सिया पाववालीच्या घरात होती आणि तिच्यावर फोटो नव्हता. तो ठेवण्याची सोयच नव्हती. वारली होती ग्रासिएलाबाई, आधीच्या राष्ट्राध्यक्षांची बायको, हद्दपारीत, परक्या देशात. लष्कराने सत्ता घेतल्यापासून त्या घराण्याचे नाव उच्चारणे हा गुन्हा होता. रेडिओने चकार शब्द काढला नाही. बातमी कॉफीच्या ट्रकवाल्यांनी आणली. पुराच्या वर्षी ही बाई खेचरावर बसून गावात आली होती, दोन दिवस राहिली होती, आणि जाताना बाळंतिणींसाठी तीन खोल्यांचा दवाखाना कबूल करून गेली होती. तो वर्षाच्या आत उभा राहिला. एदेल्मिराच्या मुलीचे आडवे आलेले मूल तिथेच सुटले. दोघेही जगले.

तिसऱ्या दिवशी सार्जंट ओनोफ्रे लागोस दारात येऊन उभा राहिला होता. "कोण गेलं?"

"माझी आत्या, साहेब. पेत्रोनिला आत्या, पलीकडच्या खोऱ्यातली," तिबुर्सिया बोलून गेली.

"अरेरे. मग नवव्या दिवशी येतो. आत्याला निरोप द्यायला." सार्जंट याच गावचा. त्याच्या आईची जपमाळ एदेल्मिरानेच म्हटली होती. नवव्या दिवशी काय होते, हे त्याला सांगावे लागणार नव्हते.

पेत्रोनिला आत्या जिवंत होती.

नवव्या दिवशी दुपारी दोघी केळीच्या पानांत तमाल, मक्याच्या पिठाचे उंडे, बांधत होत्या. तिबुर्सियाच्या हातून दोरा सारखा सुटत होता.

"आत्याचंच नाव घे ना, बाई."

"जित्या माणसाचं? घरातून हाकलायची आहे तिला का जगातून?"

"ब्याऐंशीची आहे ती. तयारीतच बसलीय."

"बसू दे. मी ढकलणार नाही."

"मग हळूच घे. तोंडातल्या तोंडात."

"तोंडातल्या तोंडात घेतलेलं पोचतं का? आणि आठ दिवस जिला तुझ्या घरात बसवून ठेवलं, तिनं जायचं कुठं?"

"आणि मी कुठं जाऊ? माझी भट्टी फोडतील. तुझं काय, झोपडी पाडायला अर्धा तास पुरेल."

"पंधरा मिनिटं," एदेल्मिरा म्हणाली आणि पुढचे पान उचलले.

पाच वाजता चाळीसएक माणसे जमली. योरोच्या बाजूच्या मळ्यांवरून बायका चालत आल्या होत्या, आत्याला कधी न पाहिलेल्या. सार्जंट पहिल्या बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर, खिशात वही. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली.

माळ सुरू झाली. दहा-दहा मण्यांची पाचही आवर्तने एदेल्मिराने रोजच्याच चालीत म्हटली, ना सावकाश ना घाईत. सार्जंटही सगळ्यांबरोबर म्हणत होता. लहानपणापासून पाठ असलेले, ओठ आपोआप हलत होते. मग ती उठली. लोक गुडघ्यांवर आले. तिबुर्सियाने डोळे मिटून घेतले.

"प्रभू, चिरविश्रांती दे तुझ्या लेकीला," एदेल्मिराचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, "ग्रासिएला मोंतेस दे आर्गेता हिला."

यावर सगळ्यांनी उत्तर द्यायचे असते. कोणी दिले नाही.

"आणि अखंड प्रकाश तिच्यावर राहो," एकच आवाज आला. पुरुषाचा, खणखणीत.

तो सार्जंटचा होता. शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळले. मानेपासून कपाळापर्यंत तो लाल झाला. कोणी वळून पाहिले नाही, पण ऐकले सगळ्यांनी.

एदेल्मिराने दुसऱ्यांदा नाव घेतले. या वेळी सगळ्यांनी उत्तर दिले, इतक्या जोरात की मेणबत्त्या फडफडल्या. तिसऱ्यांदाही. सार्जंटचे ओठ मिटलेले होते.

वेदी उतरवून झाली. तमाल वाटले जात असताना तो एदेल्मिरापाशी आला. हातात वही होती.

"काकू, यात काय लिहू मी?"

"घडलं ते लिही."

"सगळं?"

"सगळं. कोण काय म्हणालं, आणि पहिलं उत्तर कोणी दिलं."

त्याने वही मिटली. "तुम्ही मुद्दाम थांबलात. मी म्हणेपर्यंत."

"मी नेहमीच थांबते, पोरा. तुझ्या आईच्या वेळीही थांबले होते."

तमाल न घेताच तो निघून गेला. जीप चालू झाल्याचा आवाज आला, पण ती कोणत्या दिशेला गेली हे आतून कळले नाही.

एदेल्मिरा घरी गेली. दोन झगे, शाल, कंगवा आणि जपमाळ यांचे गाठोडे तिने बांधले, ते दाराशी ठेवले आणि शेजारी बसून राहिली. लेक दोनदा बोलवायला आली, ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी जीप गल्लीत शिरली, दारासमोर मंदावली आणि पुढे गेली.

चौथ्या दिवशी गिरणीवाल्याचा बाप वारल्याचे सांगत माणूस आला. एदेल्मिराने गाठोडे सोडले, शाल काढून अंगावर घेतली आणि विचारले, "पूर्ण नाव काय त्याचं?"