नानांनी ते बंद केलं होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आता तुम्हाला सांगतेय — हसू नका, खरंच.

नवागामला आमच्या गल्लीत नाना राहतात, मूळचे आमच्याच धुळ्याकडचे. कापड मार्केटमधल्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ते होते, आणि मला तिथे चिकटवलं त्यांनीच. नाना प्रत्येक सर्व्हर हाताने उभा करायचे, वहीत बघून, एकेक ओळ. मला त्याचा कंटाळा. मी एक साधं टूल बसवलं — सर्व्हरवर काय कसं असावं ते एका फाईलमध्ये लिहायचं, आणि टूल दर अर्ध्या तासाने सगळे सर्व्हर त्या फाईलबरहुकूम करणार. कुणी हाताने काही बदललं असेल, तर तेही पुसून. नाना म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकतेस. पण कौतुकानेच.

एका सकाळी त्यांना दिसलं, की एका साडीवाल्याच्या गिऱ्हाइकांची यादी — बायकांची नावं, पत्ते, फोन — इंटरनेटवर कुणालाही उघडता येतेय. चूक माझ्या फाईलमधली. त्यांनी सर्व्हरवर ते बंद केलं आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "तुन्ही फाईलमा बी टाकी दे वं पोरी."

मी हो म्हटलं. टाकलं नाही. विसरले असं म्हणू? विसरले नव्हते. ज्या फाईलचा मी ऑफिसभर तोरा मिरवत होते, तिच्यातलं भोक नानांनी दाखवावं — मला ते झोंबलं. बघू नंतर, म्हटलं. अर्ध्या तासात टूलने नानांचं काम पुसलं.

आठवडाभर यादी उघडी राहिली. त्या बायकांना घाणेरडे फोन येऊ लागले. आमच्या ऑफिसच्या शेठने आम्हा दोघांना बोलावलं. नाना म्हणाले, मी बंद केलं होतं, हिलाही सांगितलं होतं. शेठने माझ्याकडे बघितलं. वाटलं, नोकरी जाईल, गल्लीत छी-थू होईल — आणि मी मान हलवली. नाही, मला कुणी काही सांगितलं नाही.

नाना चिडले असते तर बरं झालं असतं. ते गोंधळले. "मी तुले सांगं ना वं?" एवढंच. मी जागेवर जाऊन फाईल नीट केली आणि टूलने नानांचा बदल उलटवल्याच्या नोंदी पुसल्या. तोवर घाबरले होते म्हणता येईल. हे मात्र शांत डोक्याने केलं.

महिन्याभरात नाना स्वतःहून घरी बसले. डोकं चालेनासं झालंय, म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या घरचा फोन आला, की उचलण्याआधी मनात तेच येतं. कुठे एखादी नोंद राहिली असेल का? त्यांना अचानक आठवेल का?

त्यांना काही आठवत नाही. परवा ते दाराशी उभे होते. कुलूप लावायचे, दोन पावलं जायचे, परत येऊन ओढून बघायचे. मी दिसले तसं म्हणाले, बघ गं, लागलंय का? मी ओढून बघितलं. लागलंय, म्हटलं.

माझ्या शब्दावर नाना निघाले, आणि पुन्हा एकदाही मागे वळले नाहीत.