व्हाय आणि व्हय

आई गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यात कंपनीने मला प्रशिक्षणाला बसवलं. अडचणी पायरीपायरीने कशा सोडवायच्या, हे शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. वाळूजच्या आमच्या कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग बनतात आणि मी क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. साहेबांना वाटलं, चार दिवस वर्गात बसले तर माझं मन रमेल. मनाचं मला काही कळत नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. दुखत नव्हतं, एवढंच.

घरी बाबा होते. पिशोरच्या घराला कुलूप लावून मी त्यांना माझ्याकडे आणलं होतं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, भूक दांडगी. माझ्याकडे आले आणि दिवसेंदिवस वाळत चालले. सदऱ्यात आणखी एक बाबा मावले असते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. "वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करावं लागेल," असं म्हणाले. आई ॲडमिट झाली होती आणि घरी परत आली नव्हती. मी ऐकून घेतलं, मान हलवली आणि खाली औषधांच्या दुकानापुढे रांगेत उभी राहिले. भीती वाटायला हवी, हे समजत होतं. वाटत मात्र नव्हती.

सरांची पद्धत सोपी होती. आधी अडचण एका साध्या वाक्यात मांडायची. मग खुर्ची सोडून, जिथे बिघडलंय तिथे जाऊन उभं राहायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मग 'का' विचारायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, आणि असं करत करत, जिथे हात घालता येईल अशा कारणापर्यंत उतरायचं. ते दुरुस्त करायचं आणि अडचण खरंच गेली का, ते परत बघायचं. "नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," असं सर म्हणाले. या पद्धतीला ते व्हाय-व्हाय म्हणत.

घोटाळा या नावातच झाला. सर आम्हाला प्रेस मशीनपाशी घेऊन गेले. तिथे लासूर स्टेशनहून रोज ये-जा करणारे एक जुने ऑपरेटर होते.

"काका, अडचण काय आहे?" सरांनी विचारलं.

"भोक सरकून पडतंय, सर."

"व्हाय?"

"व्हय."

"नाही, म्हणजे, व्हाय?"

"व्हय, सर. ह्यो बघा की पत्रा. लई सरकलंय."

"अहो काका, मी विचारतोय, व्हाय?"

"आन् मी कवाधरनं व्हयच म्हनतोय!"

आमच्याकडे 'व्हय' म्हणजे होय, आणि तेच प्रश्नाच्या सुरात म्हटलं तर 'खरंच का?' पुण्याच्या माणसाला हे कुठून माहीत असणार! सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले, म्हणजे माझा चेहरा हसला. शेवटी सरांनी मराठीत 'का' विचारलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. पत्रा नीट बसत नव्हता, कारण त्याला अडवणारा खुंटा ढिला होता, आणि खुंटा ढिला होता कारण मागे दुरुस्ती झाली तेव्हा बोल्टखालचा वायसर परत घातलाच गेला नव्हता. वायसर घातला, भोक जागेवर आलं. तेव्हापासून कारखान्यात त्या पद्धतीला सगळे व्हय-व्हयच म्हणतात.

मी तीच पद्धत घरी लावली. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचतही नव्हतं. अडचण अशी मांडली: बाबा जेवत नाहीत. का? दात दुखत असतील. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं, तर दात ठणठणीत. मग का? माझ्या हाताला चव नसेल. मावशीकडून पिशोरचा येसर मसाला मागवला आणि आई करायची तशी आमटी केली. शेजारणीने चाखली आणि म्हणाली, "ही तर मीच संपवेन." मला चव लागली नाही. तरीही का? एकटेपणाने कंटाळत असतील. खालच्या मजल्यावरच्या चाचांना विनंती केली. ते रोज दुपारी येऊन बसायला लागले. दौलताबादच्या किल्ल्यात चुना कसा मळला असेल, यावर दोघे तासभर बोलायचे. ताट मात्र जवळजवळ तसंच राहायचं.

संध्याकाळी मी विचारायचे, "जेवलात?"

"व्हय."

"पोटभर?"

"व्हय."

"आमटी आवडली का?"

"व्हय, व्हय."

ताकास तूर लागू देत नव्हते. मीही एकेक कारण तपासून बाजूला ठेवत होते, न चिडता, न घाबरता. नातेवाईक फोनवर म्हणायचे, पोरगी लई खंबीर हाय. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही ते हेच म्हणाले होते. मी तेव्हा मंडपवाल्याच्या खुर्च्या एकावर एक रचत होते.

मग लक्षात आलं की पद्धतीतली एक पायरी मी गाळली आहे. जागेवर जाऊन बघितलंच नव्हतं. मी सकाळी ताट झाकून निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. बाबा जेवतात कसे, ते मी पाहिलंच नव्हतं. म्हणून एक दिवस रजा टाकली.

दुपारी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोर बसले. त्यांनी चपातीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवून खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

"झालं?"

"व्हय."

"का?"

"का म्हंजी?"

"तुम्ही का जेवत नाही, बाबा?"

"तू जेवत नायस म्हनून."

मी म्हटलं, मी तर रोज डबा नेते.

"नेतीस. आन् तसाच माघारी आनतीस. सांजच्याला डबा कोन घासतं? मीच ना? रोजच्याला भरलेला डबा गायीपुढं रिकामा करतो मी."

मला आठवेना. कॅन्टीनमधलं टेबल आठवत होतं, त्यावर ठेवलेला डबा आठवत होता. झाकण उघडल्याचं काही केल्या आठवेना.

"मग मला सांगितलं का नाही?"

बाबा म्हणाले, "तुझी माय गेली, तू रडली नायस. नळ गळतोय म्हनून सांगावं तसे समद्यांना फोन केलेस. मला वाटलं, मी जेवलो नाय तर चिडशील तरी. वरडशील माझ्यावर. लहानपनी लई वरडायचीस तू. तर तू मला दाताच्या डाक्टरकडं नेलंस."

यापुढे काय विचारायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मरायचंय का तुम्हाला?" मी ओरडले. तो आवाज मलाच ओळखू आला नाही. "आई गेली, आता तुम्ही पण उपाशी राहून जाणार? आणि मी कुणाकडं जाऊ? सांगा ना, मी कुणाकडं जाऊ?"

चाचा जिन्यापर्यंत आले, "सब ठीक है ना, बेटा?" म्हणाले आणि परत खाली गेले. मी ओरडतच होते. बाबांना काय वाट्टेल ते बोलले, आईलाही बोलले, आम्हाला न सांगता दुखणं अंगावर काढलं म्हणून. ओरडता ओरडता रडू कधी सुरू झालं, ते कळलंच नाही. बाबांनी मला गप्प केलं नाही. त्यांनी बाजूला सारलेलं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.