नडुगड्डीवर नेलेलं आडाचं पाणी

मी कळशीच्या तोंडावरचं फडकं सोडत होतो, एवढ्यात आदगोंडानं ती माझ्या हातातून ओढून घेतली. हरगोल एका अंगाला कलला. नावाडी यल्लाप्पानं काठी पाण्यात रोवून तो सावरला आणि कानडीत काहीतरी पुटपुटला.

“ते न्हाय,” आदगोंडा म्हणाला. “तहान लागली आसंल तर तळ्यातलं पी.”

आदगोंडा आमच्या शाळेचा ड्रिल मास्तर, निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातला. न गाळलेलं पाणी त्याच्या ओठाला लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेतही त्याच्या खिशात दुहेरी शिवलेलं गाळणं असे. आणि आता चारी बाजूंनी पाणी पसरलेलं असताना हा माणूस भरलेली कळशी बेटावर घेऊन चालला होता आणि तिच्यातला घोटभरही देत नव्हता.

बेटावर राहायची हौस माझी. लढाई संपल्यावर बेळगावच्या कँपात लष्करी सामानाचा लिलाव झाला, तेव्हा मी दोन माणसांचा तंबू घेतला होता. खासबागेतल्या खोलीत तो वर्षभर गुंडाळून पडला होता. माघात शाळेला चार दिवसांची सुट्टी लागली आणि आदगोंडा आपणहून म्हणाला, हिरेकेरी तळ्यावर जाऊ. तिथं मधोमध बेट आहे, माणूस नाही. मी लगेच हो म्हटलं. तो आधी दोन दिवस घरी जाऊन आला आणि संकेश्वरात मला मिळाला, तेव्हा ही कळशी त्याच्या हातात होती.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सांगतो. बेळगावहून सकाळची सर्व्हिस मोटार संकेश्वरला जाते, माणशी बारा आणे. अजून ती कोळशावरच चालते. वंटमुरीच्या घाटात सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. संकेश्वरहून पुढं बैलगाडी, चार कोस, दोन्ही बाजूंना ऊस. गुऱ्हाळं चालू होती. रस मागावा लागत नाही, हाक मारून पाजतात. तळ्याकाठच्या गावात तांदूळ, डाळ, गूळ मिळतं. रॉकेल मिळत नाही, ते बरोबर न्यावं. बेटाला तिथं नडुगड्डी म्हणतात. हरगोल म्हणजे वेताची मोठी गोल टोपली. तिला खालून कातडं लावलेलं असतं, म्हणून आदगोंडा बसायला कचरत होता. यल्लाप्पानं टोपली उलटी करून दाखवली. खाली डांबर लावलेलं कापड होतं. दिवाळीनंतर बदललं, म्हणाला. का बदललं, ते आम्ही विचारलं नाही.

कळशी मांडीवर धरून आदगोंडानं मला पाण्याच्या मध्यावर खरं कारण सांगितलं. त्याचा थोरला भाऊ पायगोंडा, घरात सगळे त्याला अण्णा म्हणत, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी घरातून निघून गेला होता. दीक्षा घेतली नव्हती, कुणाशी भांडला नव्हता. आईनं त्याच दिवशी तूप सोडलं. महिन्यानं दूध सोडलं. मग गूळ, मग मीठ. अण्णाचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडेपर्यंत, असा तिचा नेम होता. येत्या पुनवेपासून ती अन्न सोडणार होती. पुनव चार दिवसांवर होती.

“संकेश्वरातला एक व्यापारी बोलला,” आदगोंडा म्हणाला, “नडुगड्डीवर रातचं कोन तरी झाडतंय म्हनून.”

यल्लाप्पा हे ऐकत होता. व्हय, म्हणाला, झाडतंय. भूत हाय, पन माझ्या बायकोपेक्षा बरं झाडतंय.

बेट लहान. चालत वेढा घातला तर अर्धा तास. मधे करंजाची दाट राई, कडेनं बारीक वाळू. आम्ही राईच्या तोंडाशी तंबू ठोकला. आदगोंडानं कळशी तंबूपासून वीस पावलांवर एका दगडावर ठेवली, शेजारी घडी केलेलं गाळणं. मी माझी कळशी तळ्यातून भरून तंबूशेजारच्या करंजाखाली ठेवली. सूर्य मावळायच्या आत त्यानं भात खाल्ला. मी नंतर, कंदिलाच्या उजेडात. पाखरं काचेवर आपटून भातात पडत होती. मी ती बोटानं काढत जेवलो. कंदील तंबूबाहेर जळता ठेवून झोपलो.

रात्री काही ऐकू आलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर पुष्कळांनी विचारलं.

सकाळी कंदील विझलेला होता. तेल भरपूर शिल्लक होतं. काचेभोवती एक जुनी चिंधी नीट गुंडाळलेली होती. तंबूच्या चारी बाजूंनी वाळूत हातभर रुंदीचा एक पट्टा झाडलेला होता, आणि त्याच्या मधोमध अनवाणी पावलं. पट्टा राईतून निघाला होता, तंबूला वळसा घालून परत राईत गेला होता. एका जागी दोन्ही पावलं शेजारी शेजारी, खोल उमटली होती. तिथं कुणीतरी बराच वेळ उभं राहिलं होतं. आतल्या बाजूला तिथंच माझी उशी होती.

मी परत जाऊ म्हणालो. आदगोंडा गुडघ्यावर बसून पावलं बघत होता.

“भूत पाय टाकायच्या आधी झाडत न्हाय, मास्तर,” तो म्हणाला. “मुंगी मरू ने म्हनून झाडतंय ह्ये. अण्णाच हाय.”

कळशी होती तशी होती.

तो सगळा दिवस आम्ही शोधण्यात घालवला. अर्ध्या तासाच्या बेटावर माणूस किती वेळ लपेल? राईत एक सपाट दगड सापडला. वर झाडायची गवताची मऊ जुडी, फुटाण्यांची पुरचुंडी आणि वाळत घातलेलं गाळणं. गाळणं ओलं होतं. आम्ही तिथून तंबूकडं आलो आणि पुन्हा गेलो, तेव्हा जुडी नव्हती. झाडलेल्या पट्ट्याच्या मागं मागं गेलो तर तो आम्हाला आमच्याच तंबूपाशी आणून सोडत होता. पाखरं होती, पण राईत ओरडत नव्हती. दुपारी मला सारखं वाटत राहिलं की आम्ही दोघं शोधत नाही, आम्हाला कुणीतरी सावकाश फिरवतंय.

आदगोंडा राईच्या तोंडाशी उभा राहून बोलला. मोठ्यानं नाही, पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं. आईनं मीठ सोडलंय. पुनवेला अन्न सोडणार. हात काटकीगत झालेत. तू बोलू नको, नुसता ये. तासाभरानं त्याचा आवाज बसला. राईतून पान हललं नाही.

दुपारी कळशीवर ऊन आलं, म्हणून त्यानं ती उचलून तंबूशेजारच्या करंजाखाली, माझ्या कळशीपाशी ठेवली. तेव्हा मी विचारलं, हे पाणी कशासाठी. त्यानं सांगितलं. पाणी गाळलं की कापडावर जे जीव राहतात त्यांना ते जिवाणी म्हणतात. ती धुऊन पुन्हा पाण्यात सोडायची. पण कुठल्याही पाण्यात नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत, आणि ज्यानं गाळलं त्यानं. दुसऱ्या पाण्यात ते जीव मरतात. अण्णा या बाबतीत लहानपणापासून कडक. एकदा शेतातल्या विहिरीची जिवाणी चुकून घरी आली, तर भर पावसात दीड कोस परत घेऊन गेला होता.

हे पाणी घरातल्या आडाचं. आड परसात आहे आणि परसाला दुसरी वाट नाही. उंबरा ओलांडल्याशिवाय आडापाशी जाता येत नाही.

“आईनं जन्मात पहिल्यांदा पाणी न गाळता भरलं,” आदगोंडा म्हणाला. “मला म्हनली, ह्येचं पाप मला. तू नुसतं न्हे.”

तो पुन्हा शोधायला गेला. परतला तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, आणि सूर्य बुडाला की उद्यापर्यंत खाणार नव्हता. तो तळ्यावर पाय धुवायला गेला. निदान गुळाचा चहा तरी त्याच्या पोटात जावा म्हणून मी घाईनं तीन दगडांच्या चुलीत जाळ केला, किटली ठेवली आणि करंजाखालची कळशी उचलली. दोन्ही कळशा तांब्याच्या, एका मापाच्या. मी तिरपी केली.

मागून एक हात आला आणि त्यानं कळशीची मान धरली.

मला वाटलं आदगोंडा. पण आदगोंडा समोर होता, पाण्यात, माझ्याकडं पाठ करून.

हात वाळलेला होता, नखं स्वच्छ कापलेली. मी कळशी सोडली. तो माणूस माझ्याकडं बघत नव्हता. कमरेला धोतराचा तुकडा, छातीपर्यंत दाढी. त्यानं जुडी खाली ठेवली, चुलीपुढची हातभर जमीन झाडली, बसला. खांद्यावरचं कापड दुहेरी करून किटलीच्या तोंडावर धरलं आणि पाणी गाळलं, थेंब न सांडता. उरलेलं माझ्या रिकाम्या पातेल्यात गाळलं. मग कापड उलटं करून, गाळलेल्याच पाण्याची धार सोडून, कापडावर जे होतं ते स्वतःजवळच्या तांब्यात उतरवलं. हे सगळं त्यानं रोज करतो तसं केलं. आम्ही तिथं नसतो तरी त्यानं ते तसंच केलं असतं. तांब्या घेऊन तो उठला आणि तळ्याकडं चालू लागला.

दोन पावलांवर थांबला. वळून आला. रिकामी कळशी आडवी पडली होती आणि तिच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या घरचं नाव कोरलेलं होतं, आपल्याकडं भांड्यांवर असतं तसं. त्यानं एका बोटानं ते चाचपलं.

आदगोंडा ओल्या पायांनी जवळ येऊन उभा राहिला होता.

“अण्णा,” तो म्हणाला, “तळ्यातलं न्हाय त्ये. आडातलं हाय.”

पायगोंडा तसाच उभा राहिला. सूर्य बुडाला. चहा कुणीच घेतला नाही. रात्री मी तंबूतून दोनदा बघितलं. चांदणं लख्ख होतं. तो वाळूवर बसलेला होता आणि समोर तांब्या होता, त्यावर फडकं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तो तांब्यातल्या पाण्याला काहीतरी सांगत असल्यासारखा वाकला होता. त्याचा आवाज मात्र नव्हता.

पहाटे यल्लाप्पा हरगोल घेऊन आला. तीन माणसं बघून त्याला नवल वाटलं नाही. पायगोंडा बसताना यल्लाप्पानं टोपलीचा तळ स्वतःच्या मुंडाशानं पुसला, तेव्हा कातडं काढून डांबराचं कापड कुणासाठी लावलं, त्याचा उलगडा झाला. आदगोंडा त्याला म्हणाला, भूत लई दिवस पोसलंस की रं. यल्लाप्पा म्हणाला, फुटानंच खातंय, काय लागतंय त्येला.

पायगोंडा गाडीत बसला नाही, मोटारीतही बसणार नव्हता. तंबू यल्लाप्पाकडं ठेवून आम्ही त्याच्यामागं चालू लागलो. जुडी त्यानं काखेत मारली होती. पाणी हिंदकळू नये म्हणून तो जपून चालत होता आणि उशीर होऊन तांब्यातले जीव मरू नयेत म्हणून भरभर चालत होता. या दोन्हींमधून त्याची एक चाल झाली होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. संकेश्वरच्या अलीकडं गुऱ्हाळवाल्यांनी हाक मारली. हातात झाकलेला तांब्या घेतलेला तो माणूस बघितल्यावर त्यांनी हाक अर्ध्यावर सोडली. रात्र एका बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, ओसरीवर काढली. दुसऱ्या दिवशी चौदस होती, त्याच्या उपासाची तिथी. त्यानं पाणीही घेतलं नाही. मधूनच थांबून तो फडकं उचलायचा, आत बघायचा आणि पुन्हा निघायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. निपाणीच्या बाजूला शेतात तंबाखू वाळत पडला होता. त्या वासात माझं डोकं जड झालं. वाटेत आदगोंडानं मला हळूच विचारलं, कळशी मुद्दाम उचललीस ना? मी नाही म्हणालो. त्यानं मान हलवली. अजून त्याला ते पटलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. म्हातारी दारात नव्हती. ती आत आडापाशी, दोर आणि बुडाला कडी असलेलं भांडं घेऊन बसली होती. दोन दिवस तशीच बसून आहे, असं आदगोंडाच्या बायकोनं सांगितलं. पायगोंडानं उंबऱ्यापुढची जमीन झाडली आणि आत पाऊल टाकलं. आईकडं बघितलं नाही. जिवाणी त्या भांड्यात ओतली, दोर सोडला, पाण्याला टेकेपर्यंत. मग बुडाच्या कडीला बांधलेल्या दोराला झटका देऊन भांडं उलटं केलं. खालून आवाज आला नाही. तो बराच वेळ आत बघत राहिला.

म्हातारी म्हणाली, “वाळलास रं.”

 रात्री तो सोप्यात भिंतीला टेकून बसला. ती समोर बसली. दोघांमधे रिकामा तांब्या होता.

बेळगावात परतल्यावर ओळखीचे विचारतात, बेट कसं आहे, तंबू देतोस का. मी सांगतो, जागा चांगली आहे, वारा कमी, सरपण भरपूर. कंदील रात्री बाहेर जळता ठेवू नका. हेही सांगतो. का, ते सांगत नाही. माझ्या स्वतःच्या खोलीत हल्ली पाणी तापत ठेवताना माझा हात क्षणभर थांबतो. मागून कुणी धरेल असं वाटतं. कुणी धरत नाही, आणि तेच जास्त जाणवतं.

त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे पुनवेला, मी उठलो तेव्हा सोपा रिकामा होता. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत अंगणात हातभर रुंदीचा पट्टा झाडलेला होता आणि त्याच्या मधोमध बाहेर जाणारी पावलं होती. सून शेणाची बादली घेऊन आली. म्हातारी म्हणाली, आज सडा नको घालू गं. मग ती आत गेली, चुलीपाशी बसली आणि आमटीत स्वतःच्या हातानं मीठ घातलं.