नव्या कुलपांचं गिऱ्हाईक

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही.

किहीमला माझं हार्डवेअरचं दुकान. शेजारच्या बंगल्याचा राखणदार दिनेश कुटुंबासकट तिथेच मागच्या खोलीत राहतो. त्याची लेक मनू शाळा सुटली की माझ्याकडे इंग्रजीला बसते. आज नाऊन शिकवत होतो. माणसं, जागा, वस्तू यांची नावं.

तेवढ्यात बंगल्याच्या नव्या मालकाचा माणूस आला. सगळ्या दारांना नवी कुलपं घेतली आणि बाहेर जाऊन फोनवर म्हणाला, "पुढच्या महिन्यात आपली माणसं ठेवू. जुन्या राखणदाराला अजून बोललो नाही." माझे कान मेले तिखट.

मनूला म्हटलं, "जागेचं नाव सांग."

"होम," ती म्हणाली. मग सुटलीच, सगळं बंगल्याच्या आवारातलं. "वेल म्हंजे हीर, स्विंग म्हंजे झोपाळा, मँगो ट्री. काका, आंब्याला मोहोर लय हाय. पयली पाटी तुमाला."

"आण हो," म्हटलं.

संध्याकाळी दिनेश तिला न्यायला आला. "काय म्हणते आमची मडम?"

"हुशार आहे," एवढंच बोललो. पोर त्याचं बोट धरून उभी होती, तिच्यासमोर तो विषय काढला नाही.

आधी कळलं तर तो दुसरीकडे काम बघेल, हे मला समजतं. फोन हातात घेऊन बसलोय. सुरुवात कशी करू, तेवढं कोणी सांगा.