पाच तिच्या, पाच त्याच्या

सर समुपदेशक होते. म्हणजे दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसायचा रीतसर परवाना त्यांच्याकडे होता, आणि तो त्यांनी फ्रेम करून भिंतीवर टांगला होता. हे मत त्यांच्या टायपिस्ट बाईंचं. बाई ते कुणाला बोलून दाखवत नसत, कारण घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि नोकरी सोडण्याइतका ताठा त्यांना परवडत नव्हता. प्लायवूडच्या पार्टिशनबाहेर, तोंडाला कुलूप घालून त्यांनी अकरा वर्षं काढली होती.

सरांची एक पद्धत होती. तिच्यावर ते भाषणं देत, आणि देताना डोळे मिटून घेत. नवरा-बायको आले की दोघांपुढे एकेक कोरा कागद. प्रत्येकाने स्वतःच्या पाच चुका लिहायच्या. चार नाही, सहा नाही, पाच. पाच होईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. मग बाईंनी दोन्ही याद्या एका पानावर शेजारी शेजारी टाइप करायच्या, खाली दोघांनी सह्या ठोकायच्या आणि जोडीने घरी जायचं. कुणी दारू पिऊन ताटं भिरकावत असो, कुणी दोन घरं चालवत असो, सरांची पारडी कायम सारखी. किराणावालासुद्धा तोलण्याआधी माल बघतो हो!

त्या मंगळवारी सकाळी एक विवाहिता एकटीच आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. मागाहून, सरांचा निरोप गेल्यावर, नवरा आला, कडक इस्त्रीच्या शर्टात. पार्टिशन पातळ होतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येई.

"यांनी हात पिरगळला," ती म्हणाली.

"त्यालाही काही पार्श्वभूमी असेलच ना," सर मधाळ आवाजात म्हणाले. "लिहा, ताई. डाव्या हाताने लिहा, सावकाश. आपल्याला घाई नाही."

डाव्या हाताने! टायपिस्ट बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि तिने कागद पुढे केला. बाई याद्या मटार सोलल्यासारख्या टाइप करत; हात चालत, डोकं भलतीकडे. पण ही अक्षरं इतकी वेडीवाकडी होती की वाचावीच लागली.

१. उलट बोलते.
२. ताट वाढायला उशीर करते.
३. बहिणीला फोन करते.
४. रडते.
५. इथे आले.

बाईंची बोटं थांबली. आत नवरा वाचून दाखवत होता, "एक, मी फार साधा आहे. दोन, मी पटकन विश्वास ठेवतो."

"अहो, हे गुण झाले. चुका लिहा. पाच होईपर्यंत उठायचं नाही."

"बहीण कुठे राहते?" बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"बसने तासाभरावर. ये म्हणते. पण आता हे सोबत घरी नेणार, जाणार कशी?"

"आता नाहीत सोबत. त्यांना स्वतःच्या पाच चुका सापडेपर्यंत दुपार होईल. निघा."

"आणि सही?"

"सही करायला हात ठेवलाय का तुमचा कुणी? निघा, ताई."

ती घाईघाईने जिना उतरली. बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि समोरच्या थांब्यावरून तिची बस हलल्यावरच जागेवर येऊन बसल्या.

जेवणाच्या वेळेला सर खुशीत बाहेर आले. "चार झाल्या त्याच्या! त्या कुठे आहेत?"

"गेल्या."

"कुठे?"

"मला काय सांगून गेल्यात?" बाई बेधडक खोटं बोलल्या.

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी तिचा कागद उचलला, ओळींवरून बोट फिरवत एक ते पाच मोजलं. "पण यादी तर पूर्ण आहे," असं म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला. वाचला नाहीच.

बाईंना हसू आलं, पण क्षणभरच. सर निदान मोजत तरी होते. पाठीमागच्या कपाटात अकरा वर्षांच्या फायली होत्या, आणि त्यातली स्वतः टाइप केलेली एक ओळ बाईंना आठवेल तर शपथ. सर जेवायला बसल्यावर बाईंनी कपाट उघडून हाताला लागेल ती फाईल काढली. डावीकडे बायकोची यादी. तिसरी ओळ होती, "मी घाबरते." तळाशी जोडप्याच्या दोन सह्या, आणि कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची म्हणून, बाईंची स्वतःची.