डुकरांची एकादशी

मालेगावच्या बाजारासाठी भाजी पिकवणारा आमचा मळा. त्याच्या कडेला आम्ही डुकरं पाळली, तेव्हा सासूबाई तिकडे फिरकेनात. 'डुक्कर' हा शब्दही त्यांच्या तोंडी यायचा नाही. 'तुमचे ते' म्हणायच्या. डुकरांना रोज कोंडा, सडकी भाजी आणि घरातलं उरलंसुरलं मिळायचं.

एकदा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर डुकरांनी जाळी उचकटून कोबीचे वाफे उकरलेले. "धड जाळीही बांधता येत नाही!" मी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "जाळीले कायले दोष देऊन राह्यली वं? काल त्याईले काय टाकलं?"

काल घरात सगळ्यांचाच उपास. ना भाकरी, ना उष्टं. डुकरांना नुसता कोंडा मिळाला होता, तोही थोडका.

"उपास आपल्याले व्हता," त्या म्हणाल्या. "त्याईनं कोनता नवस केला व्हता?"

आता एकादशीला आमच्या तव्यावर भाकरी पडते ती फक्त डुकरांची. सासूबाई स्वतः थापतात. मी भुकेनं कितीही कुरकुरले, तरी डुकरांचं झाल्याशिवाय माझी भगर चुलीवर चढत नाही.