सुपडूच्या उशाचा पंप

सुपडू गेला, हे मुक्ताईनगरला मीच मुंबईहून फोनवर कळवलं. फोन गावच्या दुकानदारानं उचलला. त्यानं नाव पुन्हा विचारलं, तसा मी फोन आपटला. दुसरीत शाळा सोडलेला माणूस मी, हे लिहायला बसलो तोही चिडूनच... लोक म्हणतात, मशीननं त्याला मारलं. त्यांनी काय पाहिलं?

सुपडू माझा आतेभाऊ. आमचे केळीचे मळे लागूनच. जामनेरच्या बाजारात एका दलालानं ढकललं, तर यानं त्याचा जबडा फोडला आणि मग स्वतःच त्याला दवाखान्यात नेलं. असा माणूस बांध चढताना धापा टाकू लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब सांगितली, मुंबईला धाडलं.

नवी झडप बसली, पण हृदयाची उजवी बाजू हलेना. मग उशाशी पंप लावला. नळीनं रक्त छातीतून ओढायचा, फुप्फुसाकडे ढकलायचा. आमच्याकडे विहिरीवरची मोटार चालू असली की माणूस तिथून हलत नाही. मी म्हणालो, इथंच बसणार. रखवालदारानं दंड धरला, मी त्याला भिंतीवर लोटलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत घेतलं.

त्या म्हणाल्या, रक्त पातळ ठेवलं नाही तर पंपात गाठी होतील, ठेवलं तर छातीतून वाहील. दोन्ही झालं. पट्ट्या भिजून रक्त गादीत उतरलं, छाती पुन्हा उघडली. पंपात गाठी धरून रक्त चिरडलं, लघवी काळपट लाल झाली. श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली त्या सकाळी सुपडूनं डोळे उघडले आणि पंपाच्या नळीलाच हात घातला. मी अख्खं अंग टाकून त्याचे हात दाबले.

"सोड मले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बैलाले बी असं बांधत नाही कोनी."

"घड कापणीवर आलेत. गप पड."

"मंग काप ना जाऊन. मह्या छातीवर काय बसला?"

शिव्या देत तो झटत राहिला, मी दाबत राहिलो. मग एकाएकी ओठ निळे पडले. पंपातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. पंप धडधडत होता, सुपडू थांबला... मी हात सोडले नव्हते. आज पुन्हा तीच वेळ आली तरी सोडणार नाही.

त्यानं माझ्या मनगटात नखं रुतवली होती, मांसापर्यंत. घरची रोज हळद घेऊन येते, मी हात मागे घेतो. खपली धरली की खरवडून काढतो.